रेडिओच्या खरखरीचा हिशेब

एप्रिल २०१९ मध्ये एम-८७ दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवराची पहिली प्रतिमा जगाने पाहिली. ती टिपणाऱ्या 'इव्हेंट होरायझन टेलिस्कोप'च्या दुर्बिणींनी आकाशातून आलेली १.३ मिलिमीटरची रेडिओलहर नोंदवताना प्रत्येक नमुन्याला फक्त दोन बिट दिले होते. दोन बिट म्हणजे चार पायऱ्या. लहर त्या क्षणी खूप वर आहे, थोडी वर आहे, थोडी खाली आहे की खूप खाली, एवढेच लिहून ठेवायचे. साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूरच्या वस्तूसाठी एवढे पुरले. इकडे शे-पाचशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या हॅमचा, म्हणजे आपल्यासारख्याच छांदिष्टाचा, आवाज ऐकू पाहणारा हौशी रेडिओचालक नवा रिसीव्हर घेताना आधी विचारतो, 'किती बिटांचा आहे?' आठ बिटांचा म्हणजे खेळणे, चौदाचा म्हणजे ठीकठाक, सोळाचा म्हणजे खरा रेडिओ, अशी उतरंड या छंदात पक्की होऊन बसली आहे. माझ्या मते ही उतरंड चुकीच्या पायावर उभी आहे. रिसीव्हरला किती बिट लागतात, हे ऐकायचा संकेत किती क्षीण आहे यावर फारसे अवलंबून नसते. त्याच्या शेजारी किती दांडगा संकेत बसला आहे, यावर ते ठरते. आणि खालच्या टोकाला काय ऐकू येईल हे आपल्या बहुतेक शहरांत रिसीव्हरच्या हाती उरलेलेच नाही. ते आजूबाजूच्या विजेच्या उपकरणांच्या हाती गेले आहे. हौशी माणसाच्या खिशातला पैसा आणि सरकारी नियमनाचे लक्ष, दोन्ही त्यामुळे आजच्यापेक्षा वेगळीकडे वळायला हवे.

आधी यंत्राविषयी थोडे. जुन्या रिसीव्हरमध्ये हवे ते स्टेशन वेगळे काढण्याचे काम गुंडाळ्या, कपॅसिटर आणि स्फटिकांचे फिल्टर करत. सॉफ्टवेअर डिफाइंड रेडिओत, म्हणजे एसडीआरमध्ये, अँटेनातून आलेली बरीचशी लहर जशीच्या तशी एका चिपपुढे ठेवली जाते. ही चिप, एडीसी, व्होल्टेज सतत मोजून त्याचे आकडे करते आणि पुढची निवड गणिताने होते. आयकॉम कंपनीचा २०१६ साली बाजारात आलेला आणि जगभरच्या हॅम मंडळींनी उचलून धरलेला आयसी-७३०० सेकंदाला सुमारे १२ कोटी ४० लाख मापे घेतो. एडीसी म्हणजे एक मोजपट्टीच समजा. तिची लांबी म्हणजे तिला झेपणारे सर्वांत मोठे व्होल्टेज, आणि दोन खुणांमधले अंतर म्हणजे तिला कळणारा सर्वांत लहान फरक. या दोन टोकांमधला पल्ला म्हणजे डायनॅमिक रेंज. आठ बिटांच्या पट्टीवर २५६ खुणा असतात, चौदा बिटांच्या पट्टीवर १६,३८४ आणि सोळाच्या पट्टीवर ६५,५३६. एक बिट वाढला की खुणा दुप्पट होतात आणि पल्ला सहा डेसिबलने वाढतो. पुस्तकी सूत्राने आठ बिटांना सुमारे ५० डेसिबल मिळतात, चौदांना ८६ आणि सोळांना ९८.

इथे एक समज सहज होतो आणि तोच सगळ्या गोंधळाचे मूळ आहे. दोन खुणांमधल्या अंतरापेक्षा लहान संकेत पट्टीला दिसणारच नाही, तेव्हा क्षीण संकेतासाठी बारीक खुणा हव्यातच, असे वाटते. अँटेना पूर्ण नि:शब्द असती तर ते खरे ठरले असते. पण अँटेनावर खरखर कायम असते. आकाशातल्या विजांची असते, आकाशगंगेची असते, माणसाच्या यंत्रांची असते. ही खरखर व्होल्टेजला एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर सतत हलवत राहते. तिच्यावर स्वार झालेला लहानसा संकेत एखाद्या मापात दिसत नाही, पण लाखो मापांच्या सरासरीत वर येतो. म्हणूनच काही रिसीव्हरमध्ये एडीसीपुढे मुद्दाम थोडी खरखर मिसळतात. आयसी-७३००मधले 'आयपी प्लस' हे बटण दाबल्यावर जे घडते, त्यातला एक भाग हाच आहे.

दुसरी गोष्ट याहून मोठी. मोजमापातली चूक एका जागी साठत नाही, मोजलेल्या सगळ्या पट्ट्यावर पसरते. सेकंदाला १३ कोटी मापे घेणाऱ्या एडीसीची चूक साडेसहा कोटी हर्ट्झवर विखुरलेली असते. मोर्स ऐकताना आपण त्यातले फक्त ५०० हर्ट्झ ठेवतो आणि बाकीच्यांबरोबर बाकीची चूकही टाकून देतो. या एका कृतीत सुमारे ५१ डेसिबल पदरात पडतात, म्हणजे साडेआठ बिटांएवढा लाभ. चांगल्या एसडीआरमध्ये वर्षानुवर्षे वापरली गेलेली एलटीसी-२२०८ ही चिप सोळा बिटांची म्हणून विकली जाते. तिची खरी कामगिरी मात्र ७८ डेसिबलच्या आसपास आहे, म्हणजे पावणेतेरा बिटांहूनही किंचित कमीच. तरीही अरुंद पट्ट्यात तिचा पल्ला १२५ डेसिबलच्या पुढे जातो. हे मोठे श्रेय वेगाचे आणि गणिताचे आहे.

कृष्णविवराचे कोडे इथे सुटते. खगोलशास्त्रज्ञ ज्या लहरी मोजतात त्यांच्या शेजारी दांडगा संकेत नसतो. जे आहे ते सगळे खरखरीसारखेच, एकाच मापाचे. अशा ठिकाणी दोन बिटांची पट्टी आदर्श पट्टीच्या ८८ टक्के संवेदनशीलता देते आणि एकच बिट, म्हणजे केवळ 'वर की खाली', ६४ टक्के. यावर आक्षेप येईल की खगोलशास्त्रज्ञ तासन्‌तास सरासरी काढू शकतात, बोलणाऱ्या माणसाला तेवढी उसंत कुठे? आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर एका खगोलशास्त्रज्ञानेच दिले आहे आणि तो स्वतः हॅम आहे. पल्सारवरच्या कामासाठी १९९३ चे नोबेल मिळवणारे जो टेलर यांनी २००८ मध्ये डब्ल्यूएसपीआर आणि २०१७ मध्ये स्टीव्ह फ्रँके यांच्यासह एफटी-८ ही संदेशपद्धत आणली. एफटी-८ मध्ये पंधरा सेकंदांच्या खेपेत एक छोटा संदेश जातो आणि २,५०० हर्ट्झमधल्या खरखरीच्या वीस डेसिबल खाली असला तरी तो वाचता येतो. कानाला तिथे काहीच ऐकू येत नाही. हा पल्ला एडीसीच्या बिटांतून आलेला नाही. वेळ आणि संकेतरचना यांतून तो मिळाला आहे.

मग बिट हवेत कशाला? तर दांडग्या शेजाऱ्यासाठी. डायनॅमिक रेंजचे वेड हॅम जगात शिरले ते युरोपच्या रात्रींमुळे. तिथे ७,००० ते ७,१०० किलोहर्ट्झ हौशी चालकांचे आणि त्याला लागूनच शेकडो किलोवॅटची प्रसारण केंद्रे, अशी रचना कित्येक दशके होती. क्षीण हॅम आणि शेजारचे केंद्र यांच्या शक्तीत शंभर डेसिबलचा, म्हणजे हजार कोटी पटींचा फरक पडणे अशक्य नव्हते. त्या काळी रिसीव्हरच्या पल्ल्याबद्दल इतका आग्रह धरणे योग्यच होते. पुढे २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने ठरवले आणि २९ मार्च २००९ पासून युरोप, आफ्रिका, आशियात ७,१०० ते ७,२०० हा भाग प्रसारणातून मोकळा झाला. मधल्या काळात लघुलहरींवरची मोठी केंद्रेही एकेक करून आटोपती झाली. रेडिओ नेदरलँड्सने २०१२ मध्ये लघुलहरींवरचे डच आणि इंग्रजी प्रसारण थांबवले. इतरांनीही वेळ, भाषा आणि प्रक्षेपक कमी केले. धोका बराच ओसरला, पण बिटांची भूक त्या काळचीच राहिली.

आपल्याकडचा दांडगा शेजारी वेगळा आहे. २०१२ मध्ये उघडकीस आले की टीव्ही पाहण्यासाठी बनवलेल्या स्वस्त यूएसबी डाँगलमधली आरटीएल-२८३२यू ही चिप कच्ची मापे थेट संगणकाला देऊ शकते. अगदी कमी पैशांत हजारो विद्यार्थ्यांच्या हाती एसडीआर आला. त्याची एडीसी आठ बिटांची. पुण्या-मुंबईत तो १४४ मेगाहर्ट्झच्या हॅम पट्ट्यावर लावला की ८८ ते १०८ मधली एफएम केंद्रे नको तिथे भुतासारखी उगवतात आणि मुले निष्कर्ष काढतात की आठ बिट निरुपयोगी आहेत. खरे तर एफएमचा भाग अडवणारा साधा फिल्टर अँटेना आणि डाँगलच्या मध्ये बसवला की चित्र पालटते. असा फिल्टर तीस डेसिबलने एफएम दाबत असेल तर त्या शेजाऱ्यापुरते पाच बिट वाढल्यासारखेच झाले. पुणे आकाशवाणीचे ७९२ किलोहर्ट्झवरचे शंभर किलोवॅटचे प्रक्षेपण जवळून ऐकणाऱ्याने मध्यमलहरी अडवणारा फिल्टर लावला तर लघुलहरींवर त्याला हाच लाभ होतो. चार गुंडाळ्या आणि काही कपॅसिटर यांच्या या वस्तूकडे दुर्लक्ष होते, कारण तिच्यावर बिटांचा आकडा छापलेला नसतो.

छापलेल्या आकड्याविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मोजपट्टी कितीही बारीक असली तरी माप कोणत्या क्षणी घ्यायचे हे घड्याळ ठरवते. ते घड्याळ एक पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाएवढे मागेपुढे होत असेल, तर ३० मेगाहर्ट्झच्या लहरीवर पल्ला ७४ डेसिबलच्या आसपास अडतो. म्हणजे बारा बिट. चिपवर सोळा लिहिलेले असो की चोवीस, घड्याळ खराब असेल तर वरचे बिट केवळ आकडे उरतात. अमेरिकेतले रॉब शेरवूड अनेक दशके रिसीव्हर मोजून त्यांचा तक्ता प्रसिद्ध करतात. लोक त्या तक्त्यात सर्वांत वरचे नाव शोधतात. स्वतः शेरवूड मात्र आपल्या व्याख्यानांत सांगत आले आहेत की नव्वद डेसिबलच्या आसपासचा पल्ला बहुतेकांना पुरतो आणि अॅटेन्युएटर, म्हणजे येणारा संकेत मुद्दाम क्षीण करणारा भाग, वापरायला शिका. ज्याने आयुष्यभर हे आकडे मोजले त्याचे हे म्हणणे खरेदीदारांनी मनावर घ्यायला हवे.

आता पल्ल्याचे खालचे टोक. माझा खरा आग्रह इथे आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी-३७२ या शिफारशीत रेडिओवरच्या खरखरीचे वक्र दिलेले आहेत. त्यांनुसार ७ मेगाहर्ट्झवर निवासी वस्तीतली मानवनिर्मित खरखर उष्णतेच्या अटळ खरखरीपेक्षा सुमारे ४९ डेसिबल वर असते. शांत ग्रामीण भागात ती २९ च्या आसपास असते. बऱ्यापैकी एसडीआरची स्वतःची खरखर प्रीअँप, म्हणजे येणारा संकेत आधीच मोठा करणारा भाग, न लावताही साधारण १५ ते २५ डेसिबलवर असते. म्हणजे वस्तीतल्या गच्चीवर रिसीव्हरची पंचवीस-तीस डेसिबलची क्षमता खरखरीखाली बुडालेली असते. चार-पाच बिट. फिल्टरने मिळवता येतील तेवढेच बिट इथे खालून खाल्ले जातात, आणि हे नुकसान दुकानातली कोणतीही महाग चिप भरून देऊ शकत नाही. शिवाय हे वक्र मुळात १९७०च्या दशकातल्या अमेरिकी मोजणीवर बेतलेले आहेत. तेव्हा घरोघरी स्विचिंग चार्जर नव्हते, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर नव्हते, गच्चीवर सौर इन्व्हर्टर नव्हते.

या आकड्यांतून एक साधी कृती निघते. अँटेना काढून ठेवल्यावरची खरखर पाहा, मग अँटेना लावून पाहा. लावल्यावर ती दहा डेसिबलने वाढत असेल तर संवेदनशीलता पुरेशी आहे. वीस-पंचवीसने वाढत असेल तर दहा-पंधरा डेसिबलचा अॅटेन्युएटर बिनधास्त लावा. जवळजवळ काहीही हरवणार नाही, आणि एडीसी भरून वाहण्याची मर्यादा तेवढीच वर जाईल. २८ मेगाहर्ट्झसारख्या वरच्या पट्ट्यांत खरखर कमी असते, तिथे प्रीअँप लागतो, हे खरे. पण ७ मेगाहर्ट्झवर रात्री प्रीअँप चालू ठेवून 'रेडिओ ओव्हरलोड होतो, सोळा बिटांचा घ्यायला हवा' असे म्हणणे हा स्वतःच ओढवून घेतलेला खर्च आहे.

काही आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवेत. एकाच मैदानात चार-पाच प्रक्षेपक एकाच वेळी चालवणाऱ्या स्पर्धा-केंद्रांना, किंवा युरोपात उंच मनोऱ्यावर मोठी अँटेना असणाऱ्यांना खरोखरच मोठा पल्ला लागतो. त्यांच्यासाठी उत्तम एडीसी चैन नाही. मात्र अशी केंद्रेही प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळा फिल्टर वापरतातच. निव्वळ बिटांवर विसंबून ती चालत नाहीत. दुसरे म्हणणे असे की चिपा स्वस्त होत आहेत, जास्त बिटांनी नुकसान काय? नुकसान काहीच नाही. प्रश्न आहे तो मर्यादित पैशांचा. ज्या महाविद्यालयाच्या क्लबकडे एका रिसीव्हरचे पैसे आहेत, त्याने आठ-बारा बिटांचा संच, दोन फिल्टर, चांगली केबल आणि इमारतीपासून दूर नेलेली अँटेना घ्यावी, असे मी ठामपणे म्हणेन. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर २००८ पासून जगभरचे लोक ऐकतात. त्याची लघुलहरींची अँटेना 'मिनी-व्हिप' नावाची एक छोटीशी सक्रिय अँटेना आहे. ती कुठे उभी आहे आणि तिच्यापर्यंत किती कमी खरखर पोहोचते, यात त्याचे यश मोठ्या प्रमाणात आहे. तिसरा आक्षेप, की सॉफ्टवेअरने खरखर गाळता येते. ठिणगीसारखे तुटक आवाज गाळता येतात, दोन अँटेना वापरून एकाच दिशेची खरखर वजा करता येते. पण स्विचिंग सप्लायचा सगळीकडे पसरलेला, अखंड गोंगाट एकदा संकेतात मिसळला की हरवलेली माहिती कोणतेही गणित परत देत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप सामाजिक आहे. 'उजाला' योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले, वीज वाचली, घरे उजळली. मूठभर छांदिष्टांसाठी यात खोडा कशाला? खोडा घालायचा नाहीच. चांगल्या एलईडी दिव्यात गोंगाट अडवणारा फिल्टर असतो आणि त्याचा खर्च किरकोळ असतो. स्वस्त मालात आधी तोच गाळला जातो. रेडिओला होणाऱ्या उपद्रवावर मर्यादा घालणारी सीआयएसपीआर ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ पासून आहे आणि दिव्यांसाठी तिचे स्वतंत्र मानक आहे. आपल्याकडे एलईडी दिव्यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे, पण तिचा भर मुख्यतः विजेचा धक्का आणि आग यांपासूनच्या सुरक्षेवर आहे. दूरसंचार उपकरणांच्या सक्तीच्या चाचण्यांत मात्र हा उपद्रव मोजला जातो. जी कसोटी एका उपकरणाला लागते ती कोट्यवधींच्या संख्येने विकल्या जाणाऱ्या दुसऱ्या उपकरणाला का लागू नये, याचे समाधानकारक कारण मला सापडत नाही.

आणि हा प्रश्न छांदिष्टांपुरता नाही. अरबी समुद्रावरून उडणारी विमाने मुंबईच्या नियंत्रण केंद्राशी आजही लघुलहरींवर बोलतात. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालचा हॅम गट योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये होता आणि बाकी सारे ठप्प झाले असताना अंदमानची खबर त्या लघुलहरींवरून मुख्य भूमीवर आली. असा संदेश घेणारा माणूस दुसऱ्या टोकाला एखाद्या शहरी वस्तीत बसलेला असतो. त्याच्या गच्चीवरच्या खरखरीने पंचवीस डेसिबल खाल्ले असतील, तर संकटकाळी बॅटरीवर चालणारा पलीकडचा पाच-दहा वॅटचा प्रक्षेपक त्याला ऐकूच येणार नाही.

रेडिओसाठी शांतता जपणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण उभी राहिली, त्यामागे तिथली कमी खरखर हे एक महत्त्वाचे कारण होते. पुणे-नाशिक रेल्वेच्या आखणीचा वाद याच दुर्बिणीला होणाऱ्या अडथळ्यावरून झाला. तरीही वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्यांची खरखर गाळणारी यंत्रणा तिथल्या शास्त्रज्ञांना रिसीव्हरच्या डिजिटल भागात बसवावीच लागली. एवढ्या मोठ्या संस्थेला जे जिकिरीचे पडते, ते एकट्यादुकट्या हॅमने आपल्या गच्चीवर सोडवावे, ही अपेक्षा अवास्तव आहे.

त्यामुळे दोन कामे तातडीची वाटतात. एलईडी दिवे, चार्जर आणि सौर इन्व्हर्टर यांच्या सक्तीच्या नोंदणीत रेडिओ-उपद्रवाची मर्यादा आणावी आणि बाजारातून उचललेल्या नमुन्यांवर ती तपासावी. दुसरे काम त्याआधीही सुरू करता येईल. जर्मनीतल्या हौशी रेडिओ संघटनेने 'इनाम्स' नावाने खरखर मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले आहे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या गच्च्यांवर तसे जाळे उभे राहू शकते. त्यासाठी सोळा बिट लागत नाहीत. योग्य फिल्टरमागे बसवलेला साधा एसडीआर, ज्ञात गुणांची एकच ठरलेली अँटेना, प्रयोगशाळेतल्या सिग्नल जनरेटरने वर्षातून दोनदा तपासलेली पातळी आणि ३.५, ७, १४ व २८ मेगाहर्ट्झवरची दर तासाची नोंद एवढे पुरे आहे. पुणे, नागपूर, रत्नागिरी आणि पणजीच्या नोंदी एका वर्षात शेजारी-शेजारी मांडता आल्या, तर मानक ब्युरोपुढे तक्रारींऐवजी आकडे ठेवता येतील.